तरंगणारा आंबा कार्बाइडचाच असतो असे नाही

संपादक महोदय,

आंब्याचा हंगाम सुरू झाला की 'आंबा पाण्यात टाका, तरंगला तर कार्बाइडचा' हा संदेश मोबाइलवर फिरू लागतो. कार्बाइड म्हणजे फळे पिकवायला चोरून वापरला जाणारा रासायनिक खडा; ही कसोटी त्याची नाहीच. झाडावर पूर्ण तयार झालेला हिरवा आंबा पाण्यात बुडतो आणि कोवळा तरंगतो, एवढेच ती सांगते. पिकलेल्या फळावर तर तिचा भरवसाही धरता येत नाही. कोवळा आंबा कार्बाइडने पिकवा की कायद्याने मान्य असलेल्या इथिलीन वायूने, परिणाम तोच: साल पिवळीधमक, कोयीजवळचा गर पांढरट व आंबट, वास जवळजवळ नाही. डोळ्यांना दिसतो तो कोवळेपणा. रसायन कोणते वापरले ते प्रयोगशाळेतच कळते.

कॅल्शियम कार्बाइडवरची बंदी मात्र योग्यच आहे. कागदाच्या पुडीत बांधून पेटीत ठेवलेल्या खड्याला फळांचा दमटपणा लागला की अॅसिटिलीन वायू सुटतो आणि मागे चुन्याची भुकटी उरते. पिकवण्याच्या कामात अॅसिटिलीन इथिलीनपेक्षा फारच दुबळा, म्हणून खडा सढळ हाताने टाकला जातो. हा माल वेल्डिंगसाठी बनलेला असतो. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात आणि त्यांचे विषारी वायू सोबत येतात. पेट्या भरणाऱ्या-उघडणाऱ्या हमालांना त्याचा त्रास ग्राहकाच्या आधी होतो, पण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

इथिलीन हा फळ पिकताना स्वतःच सोडते तोच वायू. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये तो दहा लाखांत १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी दिली. आंब्यासाठी बंद खोलीत साधारण २० ते २२ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि सुमारे २४ तास वायू एवढे पुरते. मधूनमधून खोली उघडून हवा बदलावी लागते, कारण कार्बन डायऑक्साइड एक टक्क्यावर गेला की इथिलीनचा परिणाम मंदावतो. घोळ इथेच होतो. खोली उघडली की गारवा जातो, वीज जळते, म्हणून हवा बदलायची टाळाटाळ होते आणि एकाच पेटीत काही फळे मऊ तर काही टणक निघतात.

दुसरी पळवाट इथेफॉनची, म्हणजे इथिलीन सोडणाऱ्या रसायनाची. त्याच्या भुकटीची पुडी वायूचा स्रोत म्हणून चालते, पण ती फळाला लागता कामा नये. इथेफॉनच्या द्रावणात फळे बुडवणे किंवा त्यांच्यावर ते फवारणे नियमाबाहेर आहे. केळीच्या वखारींत विशेषतः हे तपासायला हवे.

घरी खात्रीचा आंबा हवा असेल तर तयार, कडक फळ घ्या: देठाजवळ खळगा आणि दोन्ही खांदे भरलेले. पेंढ्यात किंवा कागदात एकेरी थर लावून अढी घाला. घाई असेल तर शेजारी एखादे पिकलेले केळे ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. आत पाणी सुटते आणि देठाकडून कूज धरते. कच्चे फळ फ्रिजमध्ये टाकले तर नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही. रोज अढी चाळून डागी फळ बाजूला काढा. खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. भांडी घासायचा साबण नको.

अन्न व औषध प्रशासनाच्या कारवाईत कार्बाइड जप्तीबरोबरच आणखी दोन गोष्टी याव्यात: पिकवणी केंद्रांत इथिलीन मोजायचे यंत्र आहे का याची तपासणी, आणि फळांवरील इथेफॉनच्या अंशांची चाचणी. बाजार समित्यांनीही हंगामाच्या सुरुवातीला येणारा कोवळा माल लिलावाआधीच वेगळा काढावा. चढ्या भावाच्या लोभाने तोडलेला तोच आंबा कार्बाइडच्या पुडीकडे जातो.

अन्नतंत्रज्ञान विषयाचे काही अध्यापक, पुणे