कॉम्प्रेसर बदलला, धातूचा चुरा आतच ठेवला: वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: एसी कॉम्प्रेसरचे अपुरे काम आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

रत्नागिरीतील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने एप्रिलमध्ये माझ्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलला. तो ऑगस्टमध्ये जाम झाला. बिलावर पार्टची वॉरंटी ६ महिन्यांची आहे. तरीही ‘समुद्राजवळची गाडी आहे, खाऱ्या हवेने गेला, वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले. हे कारण चुकीचे आहे. हे पत्र काउंटरवर न अडकता आपल्या तांत्रिक विभागापर्यंत जावे, म्हणून सगळे तपशिलात लिहीत आहे.

खारी हवा गाडीचे काय करते हे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर पांढरी भुकटी धरते, जाळीतले पातळ पत्रे बोट लावताच झडतात, नळीला टाचणीएवढे भोक पडते आणि गॅस निघून जातो. कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या क्लचच्या प्लेटला गंज चढतो, कनेक्टरमध्ये हिरवट थर बसतो. म्हणूनच इथे कंडेन्सर वरचेवर गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवावा लागतो. पण ही सगळी इजा बाहेरून होते. एसीचा आतला भाग सीलबंद असतो, तिथे वारा पोहोचत नाही.

या कॉम्प्रेसरचे कवच स्वच्छ आहे. पुली हाताने मोकळी फिरते, पण पुढची क्लच प्लेट तसूभर हलत नाही. म्हणजे बेअरिंग शाबूत आहे आणि आतला शाफ्ट अडकला आहे. सक्शनच्या, म्हणजे गॅस आत येण्याच्या, तोंडात पांढरे फडके फिरवले की राखाडी, चकचकीत लगदा येतो. तो ऑइलमध्ये कालवलेला धातूचा चुरा आहे.

हा चुरा आला कुठून? आपल्याच एप्रिलच्या जॉब कार्डवर शेरा आहे: ‘जुना कॉम्प्रेसर जाम, आत मेटल’. त्या वेळी शाफ्ट सील गळून गॅस कमी झाला होता. कॉम्प्रेसरला वेगळा ऑइल पंप नसतो. ऑइल गॅसबरोबरच फिरते, त्यामुळे गॅस कमी झाला की ऑइल परत येत नाही आणि पिस्टन सुके घासतात. त्यातून निघालेला चुरा डिस्चार्जच्या, म्हणजे गॅस बाहेर पडण्याच्या, वाटेने थेट कंडेन्सरमध्ये जातो. आजच्या पॅरलल फ्लो (समांतर नळ्यांच्या) कंडेन्सरमधले मार्ग मिलिमीटरभर किंवा त्याहूनही बारीक असतात. तिथे बसलेला चुरा फ्लशिंगनेही (आतून द्रव सोडून धुण्यानेही) पुरता निघत नाही, कारण फ्लशचे द्रव मोकळ्या नळ्यांतून वाट काढते आणि तुंबलेल्या नळ्या तशाच राहतात. म्हणून जाम झालेल्या कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी बारीक तोंडाची झडप) बदलायचेच असतात. तळातला गाळ न उपसता विहिरीवर नुसता पंप नवा बसवावा, तसे काम माझ्या गाडीचे झाले आहे.

आपले बिल पाहा. त्यात कॉम्प्रेसर, गॅस ६०० ग्रॅम आणि मजुरी एवढेच आहे. ड्रायर नाही, ओ-रिंग (सांध्यांच्या रबरी कड्या) नाहीत, ऑइल नाही, फ्लशिंग नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए गॅस ४५० ग्रॅम, २५ ग्रॅम कमी-अधिक, असे छापलेले आहे. मग ६०० ग्रॅम कोणत्या हिशेबाने भरला?

ड्रायरबद्दल विशेष सांगायचे आहे, कारण कोकणात त्याला फार महत्त्व आहे. यंत्रणा उघडली की आतली ओलावा शोषणारी गोळी बाहेरच्या हवेतले पाणी ओढू लागते. कॉम्प्रेसरमधले पीएजी ऑइलही पाणी धरते. आपल्याकडच्या दमट हवेत पाइपची तोंडे बूच न लावता ठेवली, तर जुना ड्रायर लवकरच निकामी होतो. राहिलेले पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते, आणि ऑइलशी मिळून आतल्या धातूला खाते. ते काढण्याचा मार्ग म्हणजे पंपाने आतली हवा खेचून केलेला पक्का व्हॅक्यूम. ३० अंश तापमानाला पाणी उकळून वाफ व्हायचे, तर आतला दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत खाली यावा लागतो. पाच-दहा मिनिटे पंप लावून हे होत नाही. किमान ४५ मिनिटे हवीत, आणि पंप बंद केल्यावर काटा हलत नाही ना, हे पाहायला आणखी २० मिनिटे. जॉब कार्डवर व्हॅक्यूमच्या वेळेचा रकाना कोरा आहे.

जूनमध्ये थंडावा कमी झाला आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीचा क्लच सुटू लागला. तेव्हा आपल्याच केंद्रात गेज लावले होते. नोंद आहे: लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) ५५, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) ३६० पीएसआय. बाहेर ३० ते ३५ अंश असताना हाय साइड साधारण २०० ते २५० असायला हवी. पंखा चालू आणि कंडेन्सर बाहेरून धुतलेला असताना एवढा दाब चढतो, तो कंडेन्सर आतून तुंबल्याने किंवा गॅस जास्त झाल्याने. इथे दोन्ही होते. मला मात्र ‘पावसाळ्यात असे होतेच’ असे सांगून गाडी परत दिली. त्याच दिवशी गॅस काढून वजन केले असते, तर हा कॉम्प्रेसर वाचला असता. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पार्ट चांगला होता.

माझी मागणी अशी: कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून द्यावा. कंडेन्सर, ड्रायर (कंडेन्सरच्याच बाजूला असेल तर त्यासह), एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि सर्व ओ-रिंग आपल्या खर्चाने नव्या घालाव्यात. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून नायट्रोजनने सुकवावे, लीक टेस्टही नायट्रोजननेच घ्यावी. ऑइल कॉम्प्रेसरच्या लेबलवरच्याच ग्रेडचे असावे आणि नव्या कॉम्प्रेसरमध्ये आधीच भरलेले ऑइल हिशेबात धरून मोजून घालावे. गॅस वजनकाट्यावर, स्टिकरप्रमाणे भरावा. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी क्लच प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवावी, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेले ऑइल बाहेर पडेल. व्हॅक्यूमची वेळ, गॅसचे वजन आणि दोन्ही गेजची नोंद जॉब कार्डवर लिहून द्यावी, आणि काढलेले सर्व जुने पार्ट मला परत मिळावेत.

कॉम्प्रेसर अजून गाडीतच आहे. आपला तंत्रज्ञ पाठवा, त्याच्यासमोर तो उघडायला माझी तयारी आहे. सिलिंडरमध्ये ओरखड्यांऐवजी मिठाचा गंज निघाला तर मी ही तक्रार मागे घेईन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
गाडीमालक, रत्नागिरी

सोबत: एप्रिलचे बिल व जॉब कार्ड, जूनची गेज नोंद, बॉनेटखालच्या स्टिकरचा आणि फडक्यावरील चुऱ्याचा फोटो