मागची बाजू दाखव म्हणावं

डर्बी, इंग्लंड
रविवार दुपार

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार.

चोरबाजारातल्या त्या ताटलीचा फोटो मिळाला. पैसे द्यायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. दुकानदार म्हणतो ती इंग्लंडच्या मिंटन कारखान्याची आहे, १८५१ च्या प्रदर्शनातली. पण तू मला नुसती दर्शनी बाजू पाठवली आहेस, आणि मॅजोलिकाच्या, म्हणजे उठावाच्या नक्षीवर काचेसारखी रंगीत झिलई चढवलेल्या ताटलीबद्दल जे काही खात्रीने कळतं ते बहुतेक तिच्या पाठीवरून कळतं. हे सगळं व्हॉट्सॅपवर मावणारं नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी त्या १८५१ चं बघू. लंडनच्या हाइड पार्कात काचेचा महाल उभारून ते प्रचंड प्रदर्शन भरवलं होतं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याने आपली नवी रंगीत भांडी तिथे पहिल्यांदा लोकांपुढे मांडली. मालक हर्बर्ट मिंटन, पण या झिलईमागचं डोकं लिऑन आर्नू नावाच्या फ्रेंच माणसाचं. तो १८४८ मध्ये स्टोकला आला आणि तिथलाच झाला. सोळाव्या शतकातल्या बर्नार्ड पालिसी या फ्रेंच कुंभाराची भांडी, त्यांवरचे ते साप, मासे आणि पानं, आर्नूच्या डोळ्यांपुढे होती. पुढे या भांड्यांचं लोण पसरलं. १८६० मध्ये वेजवुड या दुसऱ्या इंग्रजी कारखान्याने सुरुवात केली. मिंटनकडे काम केलेल्या जॉर्ज जोन्सने स्वतःचा कारखाना काढला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलला १८७९ नंतर शिंपले आणि समुद्री शेवाळाच्या नक्षीच्या सुंदर ताटल्या निघाल्या. आज बाजारात फिरणाऱ्या ताटल्या बहुतेक १८६० ते १८९० मधल्या. तेव्हा प्रदर्शनातली ताटली भायखळ्याच्या आसपास पडून असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पण ताटलीच खोटी असेल असं मी म्हणत नाही. फोटोत पानाच्या शिरा दिसतात ना, तिथे निरखून बघ. ही भांडी अशी व्हायची: प्लास्टरच्या साच्यात माती दाबून उठावाचं पान काढायचं, एकदा भाजायचं, मग त्या कोरड्या भाजलेल्या अंगावर रंगीत झिलई कुंचल्याने लावून पुन्हा भट्टीत घालायचं. हिरव्यासाठी तांबं, निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळट-तपकिरीसाठी मँगनीज. दुसऱ्या भट्टीत झिलई वितळते आणि पावसाचं पाणी सरीत साचावं तशी खोलगट भागात साचते, उंचवट्यावरून ओघळून पातळ होते. त्यामुळे एकाच हिरव्या रंगातून शिरांमध्ये काळपट सावली पडते आणि कडांवर कोवळी पोपटी छटा येते. यासाठी कोणी वेगळी सावली रंगवलेली नसते. चांगल्या कारखान्याच्या साच्यात खोली असते, म्हणून हा खेळ रंगतो. नव्या नकलांमध्ये उठाव बोथट असतो आणि शिरा बुजलेल्या दिसतात. तुझ्या ताटलीचा देठाजवळचा भाग मला चांगला वाटला.

आता ती पालथी घालून बघ. पाठीलाही झिलई असावी, ठिपकेदार किंवा साधी. नुसती पांढरी, कोरी पाठ दिसली तर सावध राहा. बारीक टोचल्यासारख्या तीन खुणा सापडतात का तेही पाहा. भट्टीत ताटली चिकटू नये म्हणून ती छोट्या तिकाटण्यावर ठेवत, त्या टोकांच्या त्या खुणा. मला त्या फार आवडतात. मग बोटाने शिक्का शोध. शाईचा नव्हे, मातीत दाबलेला. मिंटनच्या नावाला १८७३ च्या सुमारास शेवटी ‘एस’ लागला. तुझ्या ताटलीवर ‘मिंटन्स’ असेल तर १८५१ ची गोष्ट तिथेच संपली. नावाशेजारी एक इवलंसं चिन्ह असतं, ते ज्या वर्षी घडवली त्या वर्षाचं. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्का दिसला तर हुरळून जाऊ नकोस. तो १८४२ ते १८८३ या काळातला नक्षीच्या नोंदणीचा शिक्का आहे. नक्षी कधी नोंदली ते त्यावरून कळतं, ही ताटली कधी घडली ते नाही.

माझ्याकडच्या हिरव्या पानाच्या ताटलीवर वेजवुडचं नाव आहे आणि खाली तीन अक्षरं. पहिलं महिन्याचं, दुसरं घडवणाऱ्याचं, तिसरं वर्षाचं. ते तिसरं अक्षर ‘ए’. ही मुळाक्षरं फिरून फिरून वापरली, म्हणून ‘ए’ म्हणजे १८७२ तरी किंवा १८९८ तरी. पण अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागू लागलं, आणि माझ्या ताटलीवर ‘इंग्लंड’ नाही. म्हणून मी १८७२ धरते. मधल्या अक्षराचा माणूस कोण होता ते मात्र सापडत नाही, आणि माझं मन नेमकं त्याच्याकडेच जातं.

शिक्काच नसेल तर? पुष्कळ छोटे कारखाने शिक्का मारतच नसत. अशी ताटलीही घ्यावी, पण तिच्या स्वतःच्या किमतीला, मिंटनच्या नव्हे. कडेचा टवका उडालेला असेल तरी चालेल. लपवलेली डागडुजी मात्र मला चालत नाही. अतिनील टॉर्च मारला की वरून चढवलेला रंग बहुधा वेगळाच चमकतो. नाहीतर डोळे मिटून कडेवरून नख फिरव. झिलई काचेसारखी थंड आणि गुळगुळीत लागते, रंग किंचित कोमट आणि मऊ.

आता जे सांगते आहे ते मला सगळ्यात जवळचं आहे. हा झळाळ शिशाचा आहे. झिलईत शिशाचं प्रमाण भरपूर, आणि कुंचल्याने ती लावणाऱ्या बहुतेक बाया आणि मुली. भुकटी बोटांना लागायची, श्वासातून आत जायची. पोटात कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडणं, गर्भ न टिकणं. १८९५ च्या कायद्याने शिशाच्या विषबाधेची प्रकरणं डॉक्टरांनी सरकारला कळवणं बंधनकारक केलं, आणि १८९९ मध्ये रसायनतज्ज्ञ थॉर्प आणि डॉक्टर ऑलिव्हर या दोघांनी कुंभारकामातल्या शिशावर अहवाल दिला. बिनशिशाची झिलई शक्य असेल तिथे वापरा, आणि शिसं लागलंच तर वाळूबरोबर वितळवून, दळून मगच वापरा, म्हणजे ते अंगात सहज विरघळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे करता येत होतं आणि तरी इतकी वर्षं केलं गेलं नाही, हे वाचलं की माझा संताप होतो. म्हणून कोणी या ताटल्यांना नुसतं ‘गोड’ म्हटलं की मला राहवत नाही, मी हे सांगतेच. रंग खरोखरच अप्रतिम आहे, आणि कोणाच्या तरी हातांनी त्याची किंमत मोजली आहे. ताटली बघताना मला दोन्ही आठवतं, आणि तसंच व्हावं असं वाटतं.

यातूनच एक ताकीद: घेतलीस तर त्यात काहीही वाढायचं नाही. लिंबाची फोड, लोणचं, चिंचेची चटणी तर अजिबात नाही. आंबटाने शिसं सुटतं, आणि जुन्या बारीक तड्यांतून जास्तच. भिंतीवर लाव, तारेच्या टोकांना रबर बसवून.

आणखी एक. सौदा करण्याआधी भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन ये. भायखळ्याला ते तुझ्या वाटेवरच आहे. तिथली जमीन मिंटनच्या फरशांची आहे. मॅजोलिका नव्हे, पण त्याच कारखान्याचं काम. रंग किती नेमका कडेपर्यंत भरलाय ते वाकून बघ, नजर तयार होईल.

मार्चमध्ये येते आहेस ना? इथून स्टोकची गाडी तासाभरात पोचवते. हॅनलीच्या पॉटरीज म्युझियममध्ये मॅजोलिका आहे. तिथून लाँग्टनच्या ग्लॅडस्टोन कारखान्यात जाऊ, आता तिथे संग्रहालय आहे; मार्चमध्ये उघडं असतं का ते आधी बघू. बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्ट्या अजून उभ्या आहेत, आत जाऊन उभं राहता येतं. दोन्ही ठिकाणी घाई करायची नाही, अख्खा दिवस ठेव. आधी काढली की तिकिटं स्वस्त पडतात, तेव्हा तारीख लवकर कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
अंजू