सेवेला पाठवा, पण अनाथाश्रमात नको

संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळची मिरजेची, नर्सिंगही मिरजेतच शिकले आणि आता बरीच वर्षं टेक्सासमधे नर्स आहे. इकडच्या चर्चमधून उन्हाळ्यात तरुण मुलांचे ग्रुप आठ-दहा दिवसांच्या मिशन ट्रिपला, म्हणजे गरीब देशांत सेवा करायला जातात, ग्वाटेमाला, होंडुरास, पूर्वी हैती. आता आपल्याकडच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली तरुण संघाची मुलंही नेपाळ, कंबोडियाला जायचं म्हणतायत असं घरून फोनवर कळलं म्हणून हे पत्र लिहितेय, तुम्ही छापलंत तर पाळकसाहेब आणि आईवडील दोघांच्याही नजरेस पडेल.

हैतीचं सांगते. १२ जानेवारी २०१० ला तिथे ७.० चा भूकंप झाला, चर्चचे कितीतरी ग्रुप धावून गेले आणि अगदी मनापासून गेले. पण त्याच महिन्यात अमेरिकेतल्या आयडाहो राज्याकडच्या चर्चचे दहा जण ३३ मुलांना बसमधे घेऊन शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या बॉर्डरवर पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते, नंतर कळलं की त्यांचे आईवडील हयात आहेत, शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल म्हणून त्यांनीच पोरं हवाली केली होती. आणि हे एकदाच घडलेलं नाही हो, हैतीच्या अनाथाश्रमांत ३० हजारांच्या आसपास मुलं आहेत आणि त्यातल्या सुमारे ८० टक्के मुलांची आई किंवा वडील जिवंत आहेत असा अंदाज आहे. म्हणजे आपण डोनेशन देतो, फोटो काढतो, त्या पैशावर आश्रम चालतो आणि आश्रम चालवायला पोरं लागतात, ती गरिबाच्या घरातून येतात. शिवाय दर आठवड्याला नवीन ताई-दादा येऊन कडेवर घेणार, जीव लावणार आणि निघून जाणार, लहान पोराने ते किती वेळा सोसायचं? नेपाळ आणि कंबोडियातही हेच झालंय. ऑस्ट्रेलियात तर २०१८ ला गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमासाठी होणाऱ्या मुलांच्या ट्रॅफिकिंगची, म्हणजे तस्करीची दखल घ्यावी लागली.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच भूकंपात लेओगान गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं, तिथे २००५ ला सुरू झालेलं एपिस्कोपल चर्चचं नर्सिंग कॉलेज आहे. बाहेरच्या टीम पोचायच्या आधी तिथल्या विद्यार्थिनींनी डीन हिल्डा अल्सिंदोर बाईंसोबत कॉलेजच्या आवारातच जखमींवर उपचार सुरू केले. गावच्याच मुली, तिथली क्रेओल भाषा बोलणाऱ्या, कुणाला काय होतंय ते लगेच कळणाऱ्या. चर्चचा पैसा असा लागला की मला खरंच भरून येतं, कारण आमचं मिरजेचं हॉस्पिटल असंच उभं राहिलंय. परदेशातून आलेल्या मिशनरी वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला ते सुरू केलं, ते काही आठ दिवसांसाठी आले नव्हते, जवळपास चाळीस वर्षं या देशात राहिले आणि इथल्याच मुलामुलींना शिकवून तयार केलं म्हणून ते गेल्यावरही काम चालू राहिलं.

मुलांनी जाऊच नये असं मी अजिबात म्हणत नाही. हैतीत मात्र सध्या नकोच, २०२१ च्या ऑक्टोबरमधे अनाथाश्रमाला भेट देऊन परतणाऱ्या १७ जणांना गँगने पळवून नेलं होतं, त्यात लहान मुलंही होती. बाकी कुठेही पाठवताना आईवडिलांनी चर्चला आधी स्पष्ट विचारावं, की तिथल्या कुणी बोलावलंय का, काम काय ते कोण ठरवणार, आणि जे काम आपली पोरं करणार त्यासाठी गावात गवंडी, सुतार, नर्स नाहीत का? असतील तर मजुरी त्यांना द्या आणि पोरांना त्यांच्या हाताखाली शिकू द्या. इकडून एका माणसाच्या ट्रिपला दीड-दोन हजार डॉलर सहज जातात, त्यातला निम्मा जरी तिथल्या मुलींच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढला तरी चालेल. आमच्या चर्चच्या मीटिंगमधे मी हेच मांडणार आहे आणि मिरज, नगर, पुण्याच्या मंडळ्यांनीही ट्रिप ठरवायच्या आधी यावर बसून बोलावं अशी कळकळीची विनंती.

आपली एक वाचक,
मूळ मिरज, सध्या टेक्सास