आईच्या मेंदूची चित्रं दाखवणाऱ्या बायला

प्रिय बाय,

पत्रात माझं नाव घालू नकोस, असं तू फोनवर बजावलंस, म्हणून घालत नाही. वाड्यावरच्यांना कळायचं ते कळेलच. तरी हे पत्र मी चारचौघांसमोर लिहितेय. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर बसून तू जे सांगितलंस, ते ऐकायची गरज असलेली घरं पुष्कळ आहेत. भारतात साठीच्या वरच्या माणसांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असावेत, असा अंदाज 2023 मध्ये आला. त्यातल्या कितीजणांना तुझ्यासारखं कुणी भेटलं असेल?

त्या वर्षीच्या चवथीची गोष्ट तुला ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात ती माटोळी बांधताना आई खाली बसून एकेक जिन्नस वर द्यायची आणि देताना त्याचं नाव घ्यायची. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटूं, आंबाडे, तोरिंजन, रानातली कांगलां. ही नावं आम्ही तिच्याच तोंडून शिकलो. त्या वर्षी तोरिंजन हातात घेऊन ती कितीतरी वेळ ते फिरवून फिरवून बघत राहिली आणि शेवटी मला म्हणाली, "हें कितें गो?" त्याआधी खतखत्याच्या भाजीत तिरफळं घालायची तिच्याकडून राहिली होती, त्यावर कुणी काही बोललं नाही. तोरिंजनानंतर मात्र घरात कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना.

त्याआधी वर्षभर आम्ही तिला डॉक्टरांना दाखवत होतो. एमआरआयही झाला होता. रिपोर्टवर इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ विचारला, तर "74 वर्षं झाली, आता असंच व्हायचं," एवढं बोलून आम्हाला वाटेला लावलं गेलं. ते वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले.

तू नेवऱ्या खायला आली होतीस. मी ती फिल्म तुझ्यापुढे ठेवली, तर तू विचारलंस, "सीडी आहे?" ओसरीवर लॅपटॉप उघडलास आणि आधी आईलाच जवळ बसवून घेतलंस. बाय, मला सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते याचे. वर्षभरात तिच्या मेंदूबद्दल सगळे माझ्याशी बोलत होते, तिच्याशी कुणीच नाही.

यंत्रात भीती वाटली का, असं तू तिला विचारलंस. ती म्हणाली, आवाज फार होता, मी नाम घेत पडून राहिले. मग तू तिला समजेल असं सांगितलंस. शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन. मोठ्या चुंबकाजवळ त्याच्या अणूंची केंद्रं एका दिशेला कलतात, रेडिओलहरींनी त्यांना ढळवलं की पुन्हा जागेवर येताना ती बारीक संदेश सोडतात, आणि त्या संदेशांचं चित्र होतं. क्ष-किरणांचा त्यात संबंधच नाही. आईला एवढंच हवं होतं, की त्याने काही भाजलं नाही ना.

मग तू एक आडवा छेद थांबवलास आणि कानशिलांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, बोट ठेवलंस. हिप्पोकॅम्पस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ समुद्रघोडा, आकारावरून पडलेलं नाव. नव्या आठवणी पक्क्या होतात त्या इथे. वयाबरोबर हा भाग सगळ्यांचाच थोडा थोडा आक्रसतो, पण आईचा तिच्या वयाच्या मानाने जास्त आक्रसलेला दिसतोय, हे तू तिच्यासमोर, तिचा हात हातात धरून सांगितलंस. मी रडायला लागले, आई रडली नाही. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," म्हणाली ती. ती विसरल्याचं सोंग करते, असं घरात कुणीतरी बोलून गेलं होतं. तो सल त्या चित्राने काढला.

त्याच चित्रांत पांढरे ठिपके होते, तांदळाच्या कण्यांसारखे. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचे, बहुतेक वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाचे, असं तू म्हणालीस. आणि इथे तुझा सूर बदलला, कारण इथे करण्यासारखं काही होतं. 9 हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीबद्दल तू सांगितलंस. तिचा मेंदूविषयीचा भाग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब जास्त काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये सौम्य विस्मृती कमी आढळली आणि असे ठिपकेही कमी वाढले. आई गोळी दिवसाआड घ्यायची, "बरं वाटतंय तर कशाला" म्हणून. त्या दिवसापासून तिने गोळी चुकवलेली नाही. डबीवर वार लिहून ठेवलेत.

निदान करणं माझं काम नाही, मी संशोधक आहे, हे तू तीनदा सांगितलंस. त्या वेळी मला ते हात झटकल्यासारखं वाटलं. आज कळतं, की तेवढा प्रामाणिकपणा आम्हाला आधी कुणी दाखवला नव्हता. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा, कान तपासा, एवढं कागदावर लिहून दिलंस.

मग निघाल्या त्या कॅप्सूल. माझ्या भावाने मागवल्या होत्या, पेशींचं वय मागे नेणाऱ्या म्हणून. बाटलीची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी. तू हसली नाहीस, भावाला बोलही लावला नाहीस. विहिरीकडे बोट दाखवलंस. सुंभाच्या टोकाला गाठ असते, रोज पाणी शेंदून ती झिजते, तशी पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं प्रत्येक विभाजनाला थोडी झिजतात. माणसाची साधी पेशी प्रयोगशाळेत साधारण 40 ते 60 वेळा विभागून थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवलं. टोकं कशी राखली जातात, हे शोधणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चं नोबेल मिळालं. भाऊ म्हणाला, मग कॅप्सूल बरोबरच आहे की. तेव्हा तू म्हणालीस, "आठवणी सांभाळणाऱ्या चेतापेशी मोठेपणी विभागतच नाहीत, दादा. त्यांची दोरी शेंदण्याने झिजलेली नाही."

चेतापेशींच्या आजूबाजूच्या, त्यांची देखभाल करणाऱ्या पेशी मात्र म्हाताऱ्या होतात, हे तू पुढे सांगितलंस. त्या विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत आणि शेजारपाजारी दाह पसरवणारी द्रव्यं सोडत राहतात. आढीतल्या नासक्या मानकुराद आंब्यासारख्या. अशा पेशी काढून टाकल्यावर आजारी उंदरांची स्मरणशक्ती टिकली, हे 2018 मध्ये दिसलं. माणसांवर पहिली छोटी चाचणी झाली ती 5 जणांवर, औषध पेलतं का एवढंच बघायला. "5 जण, दादा," तू पुन्हा म्हणालीस. भावाने बाटली परत पाठवली.

तुझं स्वतःचं काम त्या दिवशी तू जाता जाता सांगितलंस, मी मागाहून फोनवर खोदून विचारलं. हजारो लोकांच्या एमआरआयवरून संगणक मेंदूचं वय अजमावायला शिकतो. मग खरं वय आणि मेंदूचं वय यांत कुणाला किती अंतर पडलं ते बघायचं, आणि त्याच माणसांच्या रक्तपेशींवरच्या म्हातारपणाच्या खुणांशी ते ताडायचं, वर्षानुवर्षं. आईच्या मेंदूचं वय किती, असं मी विचारलं. हा आकडा समूहाबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल त्यावर विसंबू नये, म्हणून तू सांगितलं नाहीस. तुझ्याकडे आकडा होता की नव्हता, हेही मी विचारलं नाही.

पुढचं तुला तुटक तुटक कळलंय, सलग सांगते. निदान झालं: अल्झायमरची सुरुवात, जोडीला रक्तवाहिन्यांचं दुखणं. बी-12 फार खाली होतं. बाबा गेल्यापासून तिने मासळी सोडली आहे आणि दूध तिला कधीच आवडलं नाही. इंजेक्शनं झाल्यावर तिचा थकवा आणि पायांच्या मुंग्या गेल्या. पण सगळ्यात मोठा बदल कानांचा. ती भजनाला जायची थांबली, तेव्हा आम्हाला वाटलं, अभंग विसरली. ती विसरली नव्हती, बाय. तिला पेटीचा सूरच ऐकू येत नव्हता आणि चुकीच्या पट्टीत गायची लाज वाटत होती. श्रवणयंत्र लावल्यावर पहिल्या गुरुवारी ती देवळात गेली, मागे बसली आणि झांज हातात घेतली. ओळ सुटली की शेजारची सुरू करते, आई पुढे नेते. मी खांबाआड उभी राहून ऐकलं आणि तुला तिथूनच फोन लावला. तुझ्याकडे रात्र होती. तू उचललास.

ती बरी होणार नाही, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. गेल्या सहा महिन्यांत ती आणखी उतरली आहे. नातवांची नावं अदलाबदल होतात. रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालते, पण आता सोबत लागते. तुझंही नाव तिच्या लक्षात राहत नाही. "ती चित्रं दाखवणारी" म्हणते, आणि त्या दिवशी तू जिथे बसली होतीस ती ओसरीवरची जागा दाखवते.

यंदा चवथीला येशील तेव्हा माटोळी तुझ्यासमोरच बांधू. ती तुझं नाव विचारील, कदाचित दोनदा. सांग तिला.

तुझी,
वाड्यावरची ताई