टायर बदलण्याचे यंत्र विकताना वापरही शिकवावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोपरखैरण्यातील आम्ही चार टॅक्सीमालकांनी वर्गणी काढून टायर बदलण्याचे यंत्र घेतले. पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांत टायर इतका मार खातात की, दर वेळी दुकानापुढे ताटकळल्याने दिवसाचा धंदा बुडतो. यंत्र घेतल्याचा पश्चात्ताप मुळीच नाही. मात्र ते सिंगल फेजवर चालते आणि त्याला कॉम्प्रेसर जोडावा लागतो, याखेरीज विक्रेत्याने काही सांगितले नाही व सोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत होते.

गेल्या महिन्यात एका ट्यूबलेस टायरची कड, म्हणजे कारागीर जिला बीड म्हणतात ती, रिमवर बसेना म्हणून माझा सहकारी हवा वाढवतच राहिला. हवेचा दाब दाखवणारा काटा ५५ पीएसआयच्या पुढे गेला, बार उडाल्यासारखा आवाज होऊन कड जागेवर बसली आणि रिमवर टेकलेला त्याचा अंगठा चेमटला. नखावर निभावले. कारच्या टायरची कड बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचे नसते. कड अडलीच तर सगळी हवा सोडून, रिमचा गंज घासून, साबणाचे पाणी पुन्हा लावायचे असते, कारण जादा दाबाने कडेतील पोलादी तार तुटली तर टायर फुटून जीवावर बेतू शकते. हे आम्हाला नंतर तुर्भ्यातील एका जुन्या कारागिराने समजावले. आमची ओढाताण पाहून तो म्हणाला, “अहो, समोरची कड आधी रिमच्या खोलगट भागात दाबा, मग बघा.” तसे करताच टायर अलगद निघाला.

घरच्या एकाच गाडीसाठी असे यंत्र घेऊ पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याचे, यंत्र वेगळे असते आणि बॅलन्सिंग न केल्यास द्रुतगती मार्गावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते.

माझी कळकळीची विनंती आहे की, विक्रेत्यांनी ग्राहकाच्या हातून निदान दोन टायर उतरवून आणि चढवून घेतल्याशिवाय यंत्र हवाली करू नये, तसेच जिल्ह्यातील आयटीआयनी आमच्यासारख्यांसाठी रविवारचे छोटे वर्ग घ्यावेत. आम्ही यंत्रासमोरच्या भिंतीवर ४० हा आकडा लाल रंगाने लिहिला आहे. तो यंत्रावरच मराठीत छापलेला मिळायला हवा.

आपला नम्र,
एक टॅक्सीमालक, कोपरखैरणे, नवी मुंबई