शेवटच्या फेरीच्या चालकदादांना

चालकदादा,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. रात्री दहा वीसला गाडीत चढताना मी इतकी दमलेली असायचे की तुमचा बिल्ला कधी नीट वाचलाच नाही. अडीच वर्षं मात्र तुमच्याच गाडीने घरी पोहोचले.

आधी एका रात्रीबद्दल माफी मागते. गाडी मधल्या थांब्यावर चार मिनिटं लवकर आली होती. रस्ता मोकळा होता आणि आत आम्ही जेमतेम पाच जण. तुम्ही इंजिन बंद करून बसलात. मी वैतागून म्हटलं, "दादा, निघा ना, आता कोण येणार?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, पुढच्या थांब्यावर यायला कुणीतरी घड्याळ बघूनच घरातून निघालं असेल."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. मग रुग्णालयातला आमचा विभाग दुसऱ्या इमारतीत हलला आणि तोच पुढचा थांबा माझा झाला. तिथे एकटीने उभं राहिल्यावर तुमचं म्हणणं कळलं. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघता येते. वेळेआधी निघून गेलेल्या गाडीचं कुणी सांगायलाही नसतं, माणूस नुसता उभा राहतो. आणि शेवटच्या फेरीच्या मागे दुसरी गाडीही नसते. तिथे मला कधीच ताटकळावं लागलं नाही.

दिवसाच्या गाड्यांवरही आता मी रागावत नाही. एक गाडी जरा मागे पडली की थांब्यावर माणसं साठतात, चढउतारात वेळ जातो, ती आणखी रखडते. मागची बिचारी कमी प्रवासी घेत घेत तिला येऊन चिकटते. दोन गाड्या एकदम येतात त्या अशा. लोक मात्र चालकालाच बोलतात.

मध्यंतरी वाचलं, 1662 साली गणितज्ञ पास्काल यांच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर घोडागाड्या धावू लागल्या. गाडी भरो न भरो, नेमल्या वेळी सुटायचीच, असा त्यांचा नियम होता. वाचताना थेट तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. पण सैनिकांना आणि नोकरचाकरांना त्या गाड्यांत बसायला बंदी होती, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या गाडीत रात्री असतं कोण? रखवालदार, आया, भांडी घासून परतणारी पोरं, आणि मी. आमच्यासारख्या चार-पाच जणांसाठी एवढी मोठी गाडी तुम्ही रोज वेळेवर आणलीत. पावसातसुद्धा दार अगदी पदपथाला लावून उभी केलीत.

त्याबद्दल मनापासून आभार, दादा. हे समोर उभं राहून सांगायचं रोज ठरवायचे, आणि रोज घाईत उतरून जायचे.

सोमवारपासून माझी सकाळची पाळी सुरू होतेय. त्या थांब्यावर मी दिसले नाही, तर काळजी करू नका.

तुमची रोजची प्रवासी