किती घड मोजलेस?

नारायणगाव, १६ मार्च

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "पप्पा, सिलेक्शन झालं!" म्हणालीस तेव्हा बागेत माल भरणं चालू होतं, व्यापारी वजनं लिहून घेत होता. मी नुसतं "बघू" म्हणालो. त्या "बघू"चा तुला राग आला, हे आईकडून कळलं. म्हणून आज जेवणं झाल्यावर सावकाश लिहायला बसलोय.

परदेशातल्या त्या उन्हाळी कार्यक्रमाचा तू पाठवलेला मेल तीनदा वाचला. अर्ज केल्यावर चौथ्या दिवशी निवड. ना परीक्षा, ना तुझ्या शिक्षकांकडे कुणी चौकशी केली. शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर जागा जाईल. जूनमधले तीन आठवडे, विमान धरून साडेसहा लाख. आपल्या दोन एकर बागेचा वर्षाचा खर्च म्हण. पण पैशाचं नंतर. मला खटकलं ते असं, की इमारतींचे फोटो पाच आहेत आणि तुम्ही तिथं रोज करणार काय, याबद्दल दीड ओळ. आणि शब्द नीट वाच, कार्यक्रम विद्यापीठाचा नाही, 'विद्यापीठाच्या आवारात' आहे. सुट्टीत तिकडची वसतिगृहं रिकामी असतात, ती भाड्यानं देतात. मंगल कार्यालय भाड्यानं घेतलं म्हणून कार्यालयवाला मुलीचा मामा होत नाही.

तुला आठवीतली, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रातली गोष्ट आठवते का? विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तू द्राक्षांचा प्रकल्प घेऊन गेली होतीस. माझा साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन घडाच्या वरच्या मण्याचा एक थेंब काचेवर टाकायचीस, झाकण मिटून उजेडाकडे धरायचीस, निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचा आकडा वाचायचीस. मग शेंड्याचा मणी. वर एकोणीस, खाली सोळा. तक्ता रंगीत होता, अक्षर सुंदर होतं, बाई खूश होत्या. तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ आले, दोन मिनिटं वाचून म्हणाले, "किती घड मोजलेस?" तू म्हणालीस, एक. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तीस मोज, मग मला सांग," म्हणाले आणि पुढे गेले.

पंचेचाळीस मीटरच्या त्या अँटेनाखाली उभी राहून तू रडलीस. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून बागेत गेलीस. अंधार पडला तशी बॅटरी धरायला मला बोलावलंस. तीसमधले चार घड उलटे निघाले, शेंड्याकडे जास्त गोड. ते चार का उलटे, यावर आपण आठवडाभर वाद घातला. माझं मत पानांच्या सावलीचं होतं, तुझं पाण्याचं. अजून ठरलेलं नाही. साडेसहा लाख भरून जिथं जायचं म्हणतेस तिथं तुला "किती घड?" असं कुणी विचारणार आहे का, एवढंच मला कळायला हवंय.

तिकडचं सगळंच असं नसतं. रात्री शोधत बसलो होतो. अमेरिकेत 'समर सायन्स प्रोग्रॅम' नावाचा एक कार्यक्रम १९५९ पासून चालू आहे. त्यातल्या खगोलशास्त्राच्या गटात तिघा-तिघांची टोळी पृथ्वीच्या जवळून जाणारा एक लघुग्रह दुर्बिणीतून टिपते, त्याच्या जागा मोजते आणि कक्षा काढायचा प्रोग्रॅम स्वतः लिहिते. १८०१ सालच्या १ जानेवारीला पियाझी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला सेरेस हा लघुग्रह दिसला आणि काही आठवड्यांनी सूर्याच्या उजेडात हरवला, तेव्हा चोवीस वर्षांच्या गाऊस या गणितज्ञानं मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा काढली. वर्ष सरता सरता तो सेरेस खरंच सापडला. त्याच वाटेचं काम ही मुलं करतात. गणित चुकलं तर पुढच्या नोंदीशी ते जुळत नाही, तिथं कुणाची भीड चालत नाही. फी तिथंही भरपूर आहे, पण घरची परिस्थिती पाहून मदत देतात. अर्ज हिवाळ्यातच घेतात, त्यामुळे यंदा तो विषय संपला. तुलना करायला म्हणून सांगितलं.

जवळचंही बघ. आत्याच्या रोहनला विचार. नववीत तो पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेला होता, सोमवार ते शुक्रवार, एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, शेवटी अहवाल लिहून द्यायचा. आत्याला खर्च आला तो रोजच्या बसचा. मानखुर्दला होमी भाभा केंद्रात ऑलिंपियाडचं शिबिर होतं, त्यासाठी आधी नोव्हेंबरची खगोलशास्त्राची परीक्षा द्यावी लागते. क्लासची टेस्ट आहे म्हणून तू ती बुडवलीस. हे टोचून बोलणं झालं खरं, पण लिहिलंय तर राहू दे.

क्लासचे सर बारावीच्या वर्षाची भीती घालतील. ती माझ्यावर सोड. खरं काम असेल तर तीन आठवडे बुडाले तरी मी सरांशी बोलेन, आणि पैशाचं बँकेशी. आणि "अर्जात चांगलं दिसेल" हे कारण मला देऊ नकोस. मागे एका निर्यात प्रशिक्षणाला मी दोन दिवस आणि आठ हजार घालवून आलो. प्रमाणपत्र आणि पिशवी मिळाली. पिशवी आई अजून बाजाराला वापरते.

तर असं कर. त्यांना मेल टाक, तुझ्या शब्दांत. शिकवणाऱ्यांची नावं काय, एका गुरूमागे किती मुलं, गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलाचं पूर्ण काम वाचायला मिळेल का, आणि किती अर्जांतून किती घेतले. उत्तर मला पाठव, इंग्रजी अडलं तर मी विचारीन कुणालातरी. शुक्रवार उलटला तर उलटू दे, तोवर एक रुपयाही भरायचा नाही. नीट उत्तर आलं तर मी स्वतः पासपोर्टच्या कामाला पुण्याला येतो.

माल पुढच्या आठवड्यात संपेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी आहे, तेव्हा दोन दिवस येऊन जा. त्या चारपैकी दोन घड ज्या वेलीचे होते तिच्यावर यंदाही माल आहे, आणि मी तो अजून काढलेला नाही.

आत्याला नमस्कार.

तुझे पप्पा